‘मरुत’ : एका सदोष ठरविलेल्या लढाऊ विमानाचा इतिहास

मुंबईस वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक जुने लढाऊ विमान ठेवलेले आहे. त्याचे नाक लांब व निमुळते आहे, पंख मागे झुकलेले आहेत आणि धड मध्यभागी कमरेसारखे बारीक झालेले आहे. हे यंत्र फार मोठ्या वेगासाठी घडविलेले असावे, असा तर्क त्याची आकृती पाहून कोणीही करील. तो तर्क चुकीचा नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडावे या अपेक्षेने या विमानाचा आराखडा काढण्यात आला होता. तथापि हवाई दलाच्या सेवेत दाखल झाल्यावर सपाट उड्डाणात त्याची गती ध्वनीच्या वेगाच्या अलीकडेच अडखळली. ‘हिंदुस्थान फायटर’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘एच. एफ. २४’ आणि वेदांतील वायुदेवतांच्या गणावरून ‘मरुत’ अशी दोन नावे धारण करणारे हे विमान म्हणजे भारतात आरेखित झालेले व भारतातच उत्पादित झालेले पहिले जेट लढाऊ विमान होय.

‘मरुत’चा उल्लेख निघाला की ‘फसलेले विमान’, ‘दुबळे विमान’, ‘सदोष विमान’ अशी विशेषणे सहज उच्चारली जातात. भाषेच्या अभ्यासकाने विमानविद्येच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या विशेषणांतच आहे. विशेषण नामाला लागते आणि एकदा लागले की ते संपूर्ण नामाला व्यापते. ‘सदोष विमान’ असे म्हटल्यावर दोष कोणत्या भागात होता, तो कोणत्या टप्प्यावर उत्पन्न झाला आणि तो कोणाच्या निर्णयामुळे राहिला, हे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. प्रस्तुत लेखाचा उद्देश ते प्रश्न पुन्हा विचारण्याचा आहे.

१. दोषाचे दोन प्रकार

तुलनेसाठी प्रथम एक परदेशी उदाहरण पाहू. इटलीच्या ब्रेडा या कारखान्याने ‘बा. ८८’ नावाचे दुहेरी इंजिनांचे विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १९३६ च्या ऑक्टोबर महिन्यात झाले आणि १९३७ मध्ये त्याने वेगाचे जागतिक विक्रम प्रस्थापित केले. इटलीत या विमानाचा मोठा गौरव झाला. परंतु त्यावर तोफा, बाँब व इतर लढाऊ साहित्य चढविताच त्याचे वजन इतके वाढले की इंजिनांना ते पेलेना. सप्टेंबर १९४० मध्ये लिबियाच्या आघाडीवर वाळू रोखण्यासाठी इंजिनांवर गाळण्या बसविल्यावर तर या विमानांना पुरेशी उंची गाठणे आणि नीट वळणेही जमेना. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत त्यांपैकी बरीचशी विमाने उपयुक्त भाग काढून घेऊन धावपट्ट्यांच्या कडेला शत्रूला फसविण्यासाठी उभी करण्यात आली. विक्रमवीर ठरलेल्या यंत्राची ही अखेर होती.

बा. ८८ च्या बाबतीत इंजिन अपुरे पडले हे खरे. पण मूळ चूक सांगाड्याची होती. हलक्या अवस्थेत विक्रम करणारा सांगाडा युद्धाचा भार वाहण्यास योग्य नव्हता आणि हे आरेखकांना आधीच कळावयास हवे होते. ‘मरुत’लाही अपुऱ्या शक्तीचे विमान म्हणतात. बाह्यतः दोन्ही रोग एकच दिसतात. परंतु ‘मरुत’ने प्रत्यक्ष युद्धात जे काम केले ते बा. ८८ ला मुळीच जमले नाही. तेव्हा लक्षण एकच असले तरी निदान वेगळे असले पाहिजे. ते निदान करण्यासाठी ‘मरुत’च्या जन्मापूर्वीपासून आरंभ करणे इष्ट होईल.

२. पूर्वपीठिका

भारतात विमाने बांधण्याच्या उद्योगाचा पाया एका महाराष्ट्रीय उद्योजकाने घातला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. युद्धकाळात हा कारखाना सरकारच्या नियंत्रणाखाली गेला आणि तेथे मुख्यतः विमानांची जुळणी व दुरुस्ती होऊ लागली. या संस्थेत आरेखनाची परंपरा निर्माण करणाऱ्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव अग्रगण्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी १९०८ मध्ये जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन विद्यापीठात आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट संपादन केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेल्या ‘एच. टी. २’ या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाने १९५१ च्या ऑगस्ट महिन्यात पहिले उड्डाण केले. पुढे १९६४ मध्ये आकाशात गेलेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच नेतृत्वाखाली सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. एच. टी. २ हे पंख्याच्या इंजिनावर चालणारे, मंद गतीचे, दोन आसनांचे साधे विमान होते. त्या पायरीवरून ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या लढाऊ विमानाकडे जाणे म्हणजे मधल्या अनेक पायऱ्या गाळून उडी घेणे होते. ती उडी घेण्याचे धाडस १९५० नंतरच्या दशकात करण्यात आले.

३. मागणी आणि आराखडा

भारतीय हवाई दलाने जी मागणी मांडली ती कोणत्याही प्रगत देशाच्या आरेखकांना विचारात पाडणारी होती. शत्रूच्या विमानांना मोठ्या उंचीवर गाठणे आणि जमिनीलगत उडून भूदलाला साहाय्य करणे, ही दोन्ही कामे एकाच विमानाने करावयाची होती. ध्वनीच्या दुप्पट वेग, ६०,००० फुटांची उंची आणि तळापासून ५०० मैलांपर्यंत जाऊन लढून परत येण्याची क्षमता, असे त्याचे माप ठरले. त्याच सांगाड्यापासून प्रशिक्षणासाठी, आरमारासाठी व सर्व हवामानांत उपयोगी पडण्यासाठी वेगवेगळी रूपे घडविता यावीत, अशीही अपेक्षा होती.

या कामासाठी डॉ. कुर्ट टांक यांना पाचारण करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील ‘फोके-वुल्फ १९०’ या ख्यातनाम जर्मन लढाऊ विमानाचे ते आरेखक. महायुद्धानंतर ते अर्जेंटिनात गेले व तेथे त्यांनी ‘पुल्की-२’ हे जेट विमान तयार केले. १९५५ मध्ये पेरॉन यांची राजवट कोसळली आणि टांक यांचे तेथील कार्य संपुष्टात आले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ते भारतात आले. त्यांच्यासमवेत काही जर्मन अभियंते होते. बाकीचे काम बंगलोरच्या आरेखन विभागातील भारतीय अभियंत्यांनी करावयाचे होते. त्यांपैकी अनेकांना जेट लढाऊ विमानाच्या आरेखनाचा पूर्वानुभव नव्हता. ते काम करीत करीतच शिकले.

१९५९ मध्ये विमानाच्या आकाराचे, लाकडी बांधणीचे, इंजिनरहित ग्लायडर तयार करण्यात आले. डाकोटा विमानाने ते ओढून वर न्यावयाचे, सोडून द्यावयाचे आणि खाली येताना त्याच्या वर्तनाचा अभ्यास करावयाचा, अशी ही पद्धत होती. साधने तुटपुंजी असताना योजलेली ही युक्ती यशस्वी ठरली, कारण पंखांचा व धडाचा आकार योग्य असल्याची खात्री त्यातून झाली. दि. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ‘मरुत’चा पहिला नमुना आकाशात नेला. टांक यांच्या आगमनापासून पाच वर्षांच्या आत हे घडले. एवढ्या अवधीत एवढे काम उरकणे हे त्या काळच्या कोणत्याही देशाच्या मापाने गौरवास्पद होते.

४. शक्तीचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमान सम गतीने सरळ उडत असते तेव्हा इंजिनाचा पुढे ढकलणारा रेटा आणि हवेची मागे खेचणारी ओढ यांचा समतोल असतो. वेग वाढविण्यासाठी रेटा ओढीपेक्षा अधिक असावा लागतो. ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचताच हवेत आघातलहरी निर्माण होऊन ओढ एकाएकी वाढते. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता सपाट असावा आणि पुढे अचानक उभी चढण लागावी, तसा हा प्रकार असतो. ती चढण पार करण्याचे दोन उपाय आहेत. पहिला उपाय आकाराचा. नाकापासून शेपटीपर्यंत विमानाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ हळूहळू बदलत जाईल अशी रचना केली असता ओढ कमी होते. जेथे पंख जोडलेले असतात तेथे धड बारीक करतात, ते यासाठीच. ‘मरुत’ची कंबर त्यामुळेच बारीक आहे. दुसरा उपाय शक्तीचा. जेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून थोडा वेळ अधिक रेटा मिळविता येतो. त्यास पश्चज्वलन म्हणतात.

‘मरुत’च्या आरेखकांनी पहिला उपाय योजला आणि दुसरा गृहीत धरला. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीच्या ‘ऑर्फियस’ इंजिनाचे ‘बी. ओ. आर. १२’ हे पश्चज्वलनयुक्त रूप विकसित होत होते. त्याचा रेटा एरवी ६,८१० पौंड आणि पश्चज्वलनासह ८,१७० पौंड इतका अपेक्षित होता. अशी दोन इंजिने ‘मरुत’मध्ये बसवावयाची होती. परंतु ज्या पाश्चात्त्य गरजेवर त्या इंजिनाचा विकास अवलंबून होता ती गरजच पुढे संपली. विकास पूर्ण करावयाचा तर त्याचा खर्च भारताने उचलावा, असा प्रस्ताव आला. भारत सरकारने तो स्वीकारला नाही आणि इंजिनाचे काम थांबले.

त्याच कुळातील ‘ऑर्फियस ७०३’ हे पश्चज्वलनरहित इंजिन हाताशी होते. त्याचा रेटा ४,८५० पौंड होता. म्हणजे दोन इंजिने मिळून अपेक्षित १६,३४० पौंडांऐवजी ९,७०० पौंड रेटा मिळणार होता. हे प्रमाण शेकडा ६० हूनही किंचित कमी भरते. बाहेर शस्त्रे टांगलेली नसताना या विमानाचे उड्डाणसमयीचे वजन सुमारे ९,००० किलोग्रॅम, तर दोन्ही इंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे ४,४०० किलोग्रॅम. म्हणजे वजनाच्या निम्म्याहूनही थोडा कमी. ध्वनीच्या वेगाची चढण ओलांडण्यास इतकी शक्ती पुरेशी नव्हती. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी कापलेल्या अंगरख्यात निम्म्या शक्तीचे शरीर बसविल्यासारखा हा प्रकार झाला.

बा. ८८ आणि ‘मरुत’ यांतील भेद येथे स्पष्ट होतो. इटलीच्या विमानाचा सांगाडा त्याच्या कामाला अपुरा होता. ‘मरुत’चा सांगाडा त्याच्या इंजिनापेक्षा फार पुढे गेलेला होता. तरीही या प्रकरणात आरेखकांना सर्वस्वी निर्दोष ठरविणे न्याय्य होणार नाही. जे इंजिन अद्याप पूर्ण झालेले नाही, ज्याचा विकास दुसऱ्या देशातील निर्णयांवर अवलंबून आहे, त्यावर संपूर्ण विमानाची आशा ठेवणे हा धोका होता आणि तो जाणूनबुजून पत्करण्यात आला होता.

५. इंजिनाचा शोध

पुढील कित्येक वर्षे ‘मरुत’साठी इंजिन शोधण्यात गेली. प्रथम सोव्हिएत रशियाच्या इंजिनांचा विचार झाला. परंतु ती या विमानास अनुरूप ठरली नाहीत. त्यानंतर एक विलक्षण सहकार्य घडून आले. त्याच काळात ईजिप्तमध्ये विली मेसरश्मिट यांनी आरेखलेले ‘एच. ए. ३००’ हे लढाऊ विमान व त्यासाठी फर्डिनांड ब्रांडनर यांचे ‘ई. ३००’ हे इंजिन सिद्ध होत होते. भारताजवळ सांगाडा होता पण इंजिन नव्हते. ईजिप्तजवळ इंजिन होते आणि त्याची चाचणी घेण्यास योग्य विमान हवे होते. भारतीय वैमानिक कपिल भार्गव यांनी १९६४ मध्ये एच. ए. ३०० चे पहिले उड्डाण केले. एक ‘मरुत’ विमान ईजिप्तला पाठविण्यात आले व १९६७ च्या मार्चमध्ये ई. ३०० इंजिनासह ते उडाले. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या युद्धानंतर ईजिप्तची परिस्थिती पालटली आणि १९६९ मध्ये ती योजना बंद पडली. युद्ध व अर्थकारण यांचा जो फटका त्या देशाला बसला त्याचा एक तडाखा बंगलोरलाही बसला.

तेव्हा स्वदेशातच ऑर्फियस इंजिनाला पश्चज्वलनाची जोड देण्याचा प्रयत्न झाला. दि. १० जानेवारी १९७० रोजी अशा इंजिनांच्या विमानाची चाचणी घेत असता अपघात होऊन ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. ज्या हातांनी नऊ वर्षांपूर्वी हे विमान प्रथम आकाशात नेले होते, त्याच हातांत त्याला हवी असलेली शक्ती मिळवून देण्याचे काम होते. यंत्राच्या इतिहासात निर्णयांची किंमत अनेकदा आकड्यांत मांडली जाते. ती माणसांनीही चुकविलेली असते, हे येथे विसरता येत नाही. त्यानंतरही नव्या युरोपीय इंजिनाच्या आधारे ‘एच. एफ. ७३’ हे सुधारित रूप तयार करण्याचा विचार झाला. तोही कागदावरच राहिला.

‘मरुत’चे इतर दोषही होते आणि ते लपविण्याचे कारण नाही. नाकाजवळ बसविलेल्या ३० मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा एकाच वेळी डागल्या असता विमानाला बसणारे हादरे त्रासदायक ठरले. अंगभूत रडारच्या अभावी शत्रूच्या विमानांना उंचीवर गाठण्याचे मूळ काम त्याच्याकडून होणे शक्य नव्हते. सुटे भाग वेळेवर मिळत नसल्याने विमाने जमिनीवर पडून राहत. परंतु या गोष्टी सुधारण्याजोग्या होत्या. इंजिनाची उणीव मात्र अशी होती की तिच्यामुळे बाकीच्या सुधारणा करण्यातील उत्साहच मावळला.

६. ओझरचा रस्ता

इंजिनाचा शोध चालू असताना दुसरीकडे एक वेगळा निर्णय घेतला गेला होता. पाकिस्तानला १९६१ मध्ये अमेरिकेकडून ध्वनीच्या दुप्पट वेगाची ‘स्टारफायटर’ विमाने मिळाली होती. त्यांना तोंड देऊ शकेल असे विमान भारतास तातडीने हवे होते. १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन ‘मिग २१’ विमाने घेण्याचे आणि ती भारतात परवान्याखाली तयार करण्याचे ठरले. त्यासाठी नाशिकजवळ ओझर येथे सांगाड्याचा, ओरिसात कोरापुट येथे इंजिनांचा व हैदराबाद येथे विद्युत्‌साहित्याचा कारखाना उभारण्यात आला. ओझरची एरवी द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेली भूमी लढाऊ विमानांच्या उत्पादनाचे केंद्र बनली. भारतात पुढे सहाशेंहून अधिक मिग २१ विमाने तयार झाली आणि त्यांची सेवा २६ सप्टेंबर २०२५ रोजी समाप्त होईपर्यंत सहा दशके चालली.

हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. संकट दारात उभे असताना हवाई दलाला दहा वर्षांनी कदाचित सिद्ध होणाऱ्या विमानाची वाट पाहत बसता येत नाही. देशाजवळ परकीय चलन अल्प होते, अन्नधान्याची टंचाई होती आणि १९६२ व १९६५ ही दोन युद्धे पाठोपाठ आली. तथापि या निर्णयाचा परिणाम असा झाला की ‘मरुत’च्या इंजिनासाठी पैसा व राजकीय आग्रह या दोहोंचाही ओघ आटला. ध्वनीच्या वेगापलीकडे जाणारे विमान मिळालेलेच आहे, मग या दुसऱ्याची निकड काय, असा युक्तिवाद प्रबळ झाला. ‘मरुत’ला मग जमिनीलगत उडून मारा करणाऱ्या विमानाचे स्थान देण्यात आले. १९६७ मध्ये हवाई दलाचे १० वे स्क्वाड्रन ‘मरुत’ने सज्ज झाले आणि त्यानंतर आणखी दोन स्क्वाड्रनांना ही विमाने मिळाली. प्रशिक्षणासाठी तयार केलेली १८ दुआसनी विमाने धरून एकूण १४७ ‘मरुत’ विमाने बांधली गेली.

७. रणांगणातील कसोटी

१९७१ च्या डिसेंबरातील युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ‘मरुत’ची दोन स्क्वाड्रने लढली. सुमारे दोन आठवड्यांत या विमानांनी तीनशेंहून अधिक लढाऊ उड्डाणे केली. हवाई झुंजीत एकही ‘मरुत’ गमावले गेले नाही. जी विमाने नष्ट झाली ती जमिनीवरील तोफांच्या माऱ्याने किंवा तळावर उभी असताना झाली. दि. ७ डिसेंबर रोजी स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी ‘मरुत’मधून एक पाकिस्तानी ‘सेबर’ विमान पाडले. जमिनीलगत अतिवेगाने उडत असता हे विमान अत्यंत स्थिर राहत असे आणि त्याचा सांगाडा मजबूत असल्याने मारा सहन करून ते परत येई. तीन प्रसंगी एक इंजिन निकामी होऊनही वैमानिक दुसऱ्या इंजिनावर सुखरूप परतले.

ही नोंद विचार करण्याजोगी आहे. ‘मरुत’मध्ये दोन इंजिने बसविली गेली ती वेगासाठी; ती दुबळी ठरली तरी दोन असल्यामुळे वैमानिकांचे प्राण वाचले. जे विमान मोठ्या उंचीवरील युद्धासाठी कल्पिले होते त्याने जमिनीजवळच्या युद्धात आपली योग्यता सिद्ध केली. बा. ८८ रणांगणावर गेल्यावर दोन महिन्यांत निरुपयोगी ठरले. ‘मरुत’ने उलट आपल्या सांगाड्याबद्दल आरेखकांनी केलेले अंदाज खरे ठरविले. इतके असूनही युद्धानंतर त्याच्या सुधारणेस गती मिळाली नाही. १९८० नंतरच्या दशकात ही विमाने एकेक करून निवृत्त करण्यात आली आणि १९९० पर्यंत ‘मरुत’ सेवेतून पूर्णपणे गेले. आज जर्मनीतील डॉयचेस म्युझियम या संग्रहालयाच्या विमानविभागातही एक ‘मरुत’ आहे. टांक यांच्या देशाने त्यांची ही अखेरची मोठी कृती जतन करून ठेवावी, हे उचितच झाले.

८. ‘बनविणे’ या क्रियापदाविषयी

आता या इतिहासातून निष्पन्न होणाऱ्या मुद्द्याकडे येऊ. आपल्या भाषेत ‘विमान बनविले’ असे एकच वाक्य किमान चार भिन्न कृतींसाठी वापरले जाते. परदेशातून आलेल्या भागांची जुळणी करणे ही एक, परक्याच्या आराखड्यावरून परवान्याखाली उत्पादन करणे ही दुसरी, आराखडा स्वतः काढून सांगाडा घडविणे ही तिसरी आणि इंजिनासह संपूर्ण यंत्र सिद्ध करणे ही चौथी. बंगलोरला युद्धकाळात पहिली कृती झाली, ओझरला मिगच्या बाबतीत दुसरी झाली आणि ‘मरुत’च्या बाबतीत तिसरी झाली. चौथी झालीच नाही. परंतु ‘स्वदेशी विमान’ या शब्दप्रयोगाने तिसरी व चौथी यांतील अंतर झाकले गेले. विमान आपण बनविले, मग इंजिन कोठून तरी मिळेलच, असा समज रूढ होण्यास ही भाषिक सोय काही अंशी साहाय्यभूत झाली असावी, असे मला वाटते. निदान नंतरच्या मूल्यमापनात तरी तिने गोंधळ उडविला, यात शंका नाही. कारण चौथ्या कृतीतील उणिवेचे खापर तिसऱ्या कृतीवर फोडण्यात आले.

याउलट टोकाचा निष्कर्षही टाळावयास हवा. सरकारने इंजिनाच्या विकासाचा खर्च दिला असता तर ‘मरुत’ ध्वनीच्या दुप्पट वेगाने नक्कीच उडाले असते, असे कित्येक अभिमानी लेखक लिहितात. इतिहासाला असे छातीठोक विधान मान्य होणार नाही. इंजिनाचा विकास हे यंत्रविद्येतील अत्यंत कठीण काम आहे. प्रचंड तापमान व गती सोसणाऱ्या पात्यांचे धातुशास्त्र साधण्यास समृद्ध देशांनाही दशके लागली. एवढेच म्हणता येते की ज्या ठिकाणी खरी अडचण होती त्या ठिकाणी देशाने सलग व दीर्घकाळ साधन खर्च केले नाही, आणि अडचण टिकून राहिली.

ती अडचण अद्याप संपलेली नाही. ‘कावेरी’ या देशी जेट इंजिनाच्या योजनेस १९८९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ज्या ‘तेजस’ विमानासाठी ते कल्पिले होते, त्याने २००१ मध्ये पहिले उड्डाण अमेरिकन इंजिनावर केले आणि २००८ मध्ये कावेरीची योजना तेजसपासून वेगळी काढण्यात आली. २०२१ मध्ये सुधारित तेजसच्या ८३ विमानांचा करार झाला. त्यांच्यासाठी मागविलेल्या इंजिनांपैकी पहिले इंजिन बरेच विलंबाने, मार्च २०२५ मध्ये हाती आले. तोवर सांगाडे तयार होत होते आणि इंजिनांची प्रतीक्षा चालू होती. दि. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिक येथे तयार झालेल्या पहिल्या सुधारित तेजसने उड्डाण केले. ज्या ओझरच्या कारखान्याने एकेकाळी ‘मरुत’ची निकड कमी केली, त्याच कारखान्यातून आता भारतीय आराखड्याचे विमान बाहेर पडले, ही समाधानाची गोष्ट आहे. तेजसच्या आरेखकांनी प्रथमपासून अस्तित्वात असलेल्या इंजिनावर भिस्त ठेवली. ‘मरुत’पासून घेतलेला हा धडा आहे. दुसरा धडा, म्हणजे इंजिन हाच मूळ प्रश्न मानून त्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत राहण्याचा, अद्याप पुरता गिरविला गेलेला नाही.

‘मरुत’ या नावाविषयी एक अखेरची गोष्ट. ऋग्वेदात मरुत हे एकटे येत नाहीत. ते नेहमी गणाने येतात आणि त्यांच्या सामर्थ्याचे वर्णन समूहाचे म्हणूनच केलेले आढळते. विमानाला हे नाव देणाऱ्यांच्या मनात ही गोष्ट होती किंवा कसे, हा प्रश्न येथे गौण आहे. परंतु आरेखक, धातुशास्त्रज्ञ, इंजिनांचे अभियंते, चाचणी वैमानिक आणि साधने देणारे शासन असा संपूर्ण गण एकत्र असल्यावाचून लढाऊ विमान सिद्ध होत नाही, हे या विमानाच्या इतिहासाने दाखवून दिले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वरळीस गेल्यास त्यांनी त्या विमानाच्या मागील बाजूस जाऊन इंजिनांची दोन गोल तोंडे अवश्य पाहावीत. त्या विमानाचा दोष शोधावयाचा असेल तर तो तेथे आणि तेथे बसविता न आलेल्या इंजिनात शोधावा लागेल.